स्टार एसीचे, स्टार घराचे: रिनोव्हेशनला हात घालण्याआधी

घराचं रिनोव्हेशन ठरलं की फरशी कुठली आणि किचनच्या ट्रॉल्या कशा, यावर महिनाभर खल होतो. विजेचा विषय निघतो सगळ्यात शेवटी, दुकानात उभं राहून, आणि तोही एकाच प्रश्नापुरता: ‘थ्री स्टार घेऊ की फाइव्ह?’ तोवर खिडक्या बसलेल्या असतात, गच्चीचं वॉटरप्रूफिंग उरकलेलं असतं, बाल्कनी काचा लावून खोलीत घेतलेली असते. एसीला रोज किती राबावं लागणार, हे परस्पर ठरून गेलेलं असतं.

एसीवरचे स्टार एवढंच सांगतात, की नेमून दिलेलं काम हे यंत्र किती विजेत उरकतं. काम मुळात किती आहे ते घर ठरवतं. आणि घराचीही कार्यक्षमता मोजता येते, तिलाही सरकारी स्टार आहेत, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. या दोन्ही मोजपट्ट्या थोड्या समजून घेतल्या, तर कॉन्ट्रॅक्टरला पहिल्या दिवशी काय सांगायचं ते कळतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: रिनोव्हेशनमध्ये वीज वाचवायचा पैसा आधी छत आणि खिडक्यांवर, मग पंख्यांवर आणि उरला तर एसीच्या जादा स्टारवर घालावा. आपण नेमकं उलटं करतो.

स्टिकर वाचताना

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो म्हणजे बीईई. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यातून आलेली ही केंद्र सरकारची संस्था २००२ साली सुरू झाली आणि २००६ पासून तिचे स्टार उपकरणांवर दिसू लागले. फ्रिज, एसी, गीझर, टीव्ही असं करत यादी वाढत गेली. १ जानेवारी २०२३ पासून छताचे पंखेही सक्तीने त्यात आले.

एसीच्या स्टिकरवर आयएसईईआर नावाचा आकडा असतो. दुकानदार स्टार दाखवतो, आपण हा आकडा बघायचा. मोसमभरात एसीने खोलीतून जेवढी उष्णता बाहेर काढली, तिला त्यासाठी खाल्लेल्या विजेने भागलं की हा आकडा मिळतो. आकडा ३.८ असेल, तर एक युनिट वीज घेऊन एसीने ३.८ युनिट उष्णता बाहेर टाकली. हिशेब करताना बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंशांच्या दरम्यान आणि वापर वर्षाला १६०० तास धरलेला असतो. स्टिकरवर जे वार्षिक युनिट छापलेले असतात, ते या १६०० तासांचे.

इथे दोन खाचखळगे आहेत. पहिला असा, की विंडो आणि स्प्लिट एसीचे स्टार वेगवेगळ्या पट्टीने दिले जातात. जुलै २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात स्प्लिटला फाइव्ह स्टार मिळवायला आयएसईईआर किमान ५.०० लागायचा, विंडोला ३.५० पुरायचा. ३.५० वाल्या स्प्लिटला त्याच तक्त्यात दोनच स्टार मिळायचे. म्हणजे फाइव्ह स्टार विंडो आणि टू स्टार स्प्लिट वीज खायला सारखेच असू शकतात. दुसरा असा, की ही पट्टी दर काही वर्षांनी वर सरकते. २०१८ साली ४.५० आयएसईईआरचा स्प्लिट एसी फाइव्ह स्टार होता; २०२२ च्या तक्त्यात तोच फोर स्टारमध्ये बसतो. दुकानात जुना माल सवलतीत मिळतोय म्हणून घेत असाल, तर स्टिकरवरची वर्षं वाचा. स्टार मोजून तुलना करायची ती एकाच प्रकारच्या आणि एकाच काळातल्या दोन मशिन्सची. नाहीतर सरळ आयएसईईआरची.

आता तो दुकानातला प्रश्न. दीड टनाच्या थ्री स्टार आणि फाइव्ह स्टारमध्ये स्टिकरवरचा फरक १६०० तासांना २२० युनिट आहे असं धरू. प्रत्यक्ष मॉडेलप्रमाणे थोडा इकडेतिकडे होईल. तुमच्या घरी एसी उन्हाळ्याचे चार महिने, रोज सहा तास चालतो. म्हणजे साधारण ७२० तास, १६०० च्या निम्म्याहूनही कमी. फरक उरला शंभर युनिटचा. युनिटला बारा रुपये धरले तरी वर्षाला बाराशे. फाइव्ह स्टारसाठी सात-आठ हजार जास्त मोजले असतील, तर ते सुटायला सहा-सात वर्षं जातील. याउलट मुंबईत घरून काम करणारं कुणी असेल आणि एसी वर्षातले आठ महिने दिवसरात्र चालत असेल, तर तोच फरक वर्षभरातच वसूल होतो. फाइव्ह स्टार वाईट आहे असं अजिबात नाही. पण तो तासांचा सौदा आहे, आणि तास तुमचे तुम्हालाच माहीत.

पंखे: ज्यांच्याकडे कुणी बघत नाही

जुना इंडक्शन पंखा पूर्ण वेगाला ७५ वॅटच्या आसपास घेतो. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा पंखा तेवढंच वारं २८ ते ३५ वॅटमध्ये देतो. ४५ वॅटचा फरक किरकोळ वाटतो खरा, पण आपल्याकडे पंखा चालतो किती? रोज १२ तास, वर्षातले ३०० दिवस धरले तर ३६०० तास. एका पंख्यामागे १६२ युनिट. घरात चार पंखे असतील तर साडेसहाशेच्या घरात. मघाच्या एसीच्या शंभर युनिटशेजारी हा आकडा ठेवून बघा. पंखा तीनवर चालवणाऱ्यांना दोन्ही बाजूंचे वॅट कमी होऊन फरकही कमी दिसेल. तरी पारडं पंख्याकडेच झुकतं.

रिनोव्हेशनमध्ये याचा एक बारीक मुद्दा आहे. बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवर चालवायचा नसतो. त्याचा वेग रिमोटने किंवा त्याच्याच खास रेग्युलेटरने बदलतो. वायरमन स्विचबोर्ड ठरवत असतानाच हे सांगितलं, तर रेग्युलेटरची जागा आणि पैसे दोन्ही वाचतात. आणि पीओपीचं सीलिंग करणार असाल तर पंख्याचा दांडा पुरेसा लांब ठेवा. सीलिंगला चिकटलेला पंखा पाती फिरवतो, पण त्याला वरून हवा ओढायला जागाच नसते.

गीझरचं उलट आहे. साठवणीच्या गीझरचे स्टार मोजतात ते पाणी तापून नुसतं पडून राहिल्यावर किती उष्णता वाया जाते ते. पाणी तापवायला लागणारी वीज स्टारने बदलत नाही; १५ लिटर पाणी २५ वरून ५५ अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटच्या वर थोडी वीज लागते, गीझर कुठलाही असो. वीस मिनिटं लावून बंद करायची सवय असलेल्या घरात फाइव्ह स्टार गीझर म्हणजे न वापरलेली सोय. त्याऐवजी प्लंबरला गीझर नळापासून जवळ बसवायला सांगा. लांबच्या पाइपात उरलेलं गरम पाणी रोज थंड होऊन जातं, ते कुठल्याच स्टिकरवर येत नाही.

फ्रिज मात्र चोवीस तास, बाराही महिने चालतो. तिथे जादा स्टारला पैसे घालायला माझी हरकत नाही.

घराचे स्टार

१४ डिसेंबर २०१८ ला, राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी, केंद्राने ‘इको निवास संहिता’ आणली. निवासी इमारतींच्या ऊर्जेचा हा पहिला राष्ट्रीय नियमसंच. पहिल्या भागात फक्त इमारतीचं कवच, म्हणजे भिंती, छत आणि खिडक्या. ती प्रामुख्याने ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांसाठी आहे. २०२२ च्या कायदादुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही ऊर्जा संहितेच्या कक्षेत आणल्या. त्याशिवाय २०१९ साली बीईईने घरांसाठी स्वतंत्र स्टार लेबल सुरू केलं. त्यात वर्षाला दर चौरस मीटरमागे किती युनिट लागतील हे काढतात आणि हवामानाच्या पट्ट्याप्रमाणे एक ते पाच स्टार देतात. लेबल ऐच्छिक आहे, त्यामुळे जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात ते कुणी मागत नाही आणि कुणी दाखवतही नाही.

मग आपल्याला त्याचा उपयोग काय? लेबल मिळो न मिळो, संहितेतले आकडे हाताशी ठेवून आपलं घर तपासता येतं. त्यातले तीन आकडे रिनोव्हेशनवाल्याने समजून घ्यावेत असे आहेत.

पहिला छताचा. छताचं यू-मूल्य १.२ पेक्षा जास्त नसावं असं संहिता म्हणते. यू-मूल्य म्हणजे आतबाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता आत शिरते. आपल्या नुसत्या आरसीसी स्लॅबचं यू-मूल्य साडेतीनच्या आसपास असतं, म्हणजे मर्यादेच्या जवळपास तिप्पट. हिशेब करून बघा: वरच्या मजल्यावर १२० चौरस फुटांची, म्हणजे ११ चौरस मीटरची बेडरूम. उन्हाने गच्ची तापून वरखाली २५ अंशांचा परिणामकारक फरक पडला, तर ३.५ गुणिले ११ गुणिले २५, म्हणजे साडेनऊशे वॅटच्या वर. छताला एक हजार वॅटचा हीटर टांगल्यासारखंच झालं. एक टनाचा एसी साधारण ३५०० वॅट उष्णता बाहेर काढतो, त्यातली पाव ताकद निव्वळ छतासाठी. शिवाय स्लॅब जाडजूड असल्यामुळे ही उष्णता दुपारी न येता संध्याकाळी उशिरा खोलीत उतरायला लागते. शेवटच्या मजल्यावरची माणसं रात्री अकराला ‘अजून भट्टीच आहे’ म्हणतात, ती याच हिशेबाने.

उपाय गच्चीवरून करायचा. वॉटरप्रूफिंग उकरून नव्याने करणारच असाल, तर त्याच कामात ३० मिलिमीटर जाडीचा एक्सट्रुडेड पॉलिस्टायरीन किंवा पफ, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमचा थर घालून घ्या. यू-मूल्य एकच्या खाली येतं. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, थोडा आडोसा करतो, पण संहितेची मर्यादा एकट्या कोब्याने गाठत नाही. आणि जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवत राहिलं तर इमारतीवरचं ओझं वाढतं ते वेगळंच. तेवढा खर्च नको असेल तर पांढरा परावर्तक रंग किंवा पांढरा चायना मोझॅक. ऊन मुळात फारसं शोषलंच जात नाही, म्हणून हा स्वस्तातला चांगला उपाय. फक्त धूळ बसली की रंगाचा गुण उतरतो, आणि कोकणात तर एका पावसाळ्यात शेवाळाने काळा पडतो. दरवर्षी उन्हाळ्याआधी धुवायची तयारी हवी. गच्ची सोसायटीच्या मालकीची असते, तेव्हा रीतसर पत्र देऊन परवानगी काढा. वरच्या मजल्यावरचे दोन-तीन फ्लॅटधारक मिळून मागणी करतात तेव्हा काम लवकर होतं.

आतून पीओपीचं सीलिंग केलं की प्रश्न मिटला, असं कॉन्ट्रॅक्टर सांगतात. मधल्या हवेच्या पोकळीने उष्णता खरोखर कमी येते, नाही असं नाही. पण स्लॅब तापायचा तो तापतोच, आणि यू-मूल्य १.२ पर्यंत खाली येत नाही.

गावाकडच्या घरांचा विषय निघालाच आहे तर हेही. कोकणात कौलं काढून रंगीत पत्रा टाकायची लाट आहे. माकडांचा त्रास, फुटकी कौलं, दरवर्षीची शाकारणी, कारणं सगळी खरी. पण कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची. पातळ पत्रा दुपारी तापून थेट खाली उष्णता फेकतो. पत्राच घालायचा असेल तर दोन पत्र्यांमध्ये पफ भरलेलं पॅनेल घ्या, किंवा निदान पत्र्याखाली हवा खेळेल असं सीलिंग आणि दोन्ही बाजूंना झरोके ठेवा. नाहीतर ज्या घरात पिढ्यान् पिढ्या पंखा पुरला, तिथे पाच वर्षांत एसी येतो.

बाल्कनी बंद करताना

दुसरा आकडा आरईटीव्ही. छत सोडून बाकीच्या बाहेरच्या कवचातून, म्हणजे भिंती आणि काचांमधून, सरासरी किती उष्णता आत येते त्याचा. मर्यादा दर चौरस मीटरला १५ वॅट. घरबसल्या तो काढायची गरज नाही. तो बिघडतो कशाने ते कळलं तरी पुरे. सगळ्यात जास्त बिघडतो उन्हातल्या उघड्या काचेने.

साध्या एकेरी काचेतून पडणाऱ्या उन्हापैकी ८० टक्क्यांच्या आसपास उष्णता आत येते. पश्चिमेची पाच बाय चार फुटांची खिडकी घ्या, पावणेदोन चौरस मीटरच्या वर थोडी. दुपारी चारला त्या काचेवर दर चौरस मीटरला ५०० वॅट ऊन पडतंय असं धरलं, तर साडेसातशे वॅट खोलीत. आतून पडदा लावला तर ऊन काचेच्या आत येऊन मग अडतं. तापलेला पडदा ती उष्णता खोलीतच सोडतो. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. छज्जा, बाहेरचं ताडपत्रीचं सनशेड, बांबूचा चिक, लाकडी झडप, काहीही चालेल. पश्चिमेचं ऊन खालून तिरकं येतं, म्हणून तिथे आडव्या छज्जापेक्षा चिकासारखा उभा आडोसा जास्त कामाचा. दक्षिणेला छज्जा चांगला चालतो.

बाल्कनी बंद करणं हे महाराष्ट्रातल्या फ्लॅटचं सगळ्यात लाडकं रिनोव्हेशन, आणि विजेच्या दृष्टीने सगळ्यात महागडं. बाल्कनी म्हणजे आतल्या खोलीचा चार-पाच फूट खोल छज्जाच. तिच्या कठड्यावर काचा आल्या आणि मधलं दार काढलं, की छज्जाचं काम संपलं आणि काच उन्हात आली. महापालिकेच्या परवानगीचा प्रश्न तर आहेच. तरीही जागेच्या ओढीने करायचंच असेल, तर मधलं दार ठेवा आणि काच सोलर कंट्रोलची घ्या. दुकानदाराला काचेचा एसएचजीसी विचारा. ती उष्णता आत सोडण्याची टक्केवारी असते, जितकी कमी तितकी बरी. साध्या काचेची ०.८ च्या वर, चांगल्या सोलर कंट्रोल काचेची ०.४ च्याही खाली मिळते.

इथे दुहेरी काचेबद्दल बोललं पाहिजे, कारण यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या चौकटीच्या खिडक्या विकणारे तीच पुढे करतात. इंग्लंड-आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडूनही हा सल्ला येतो. इंग्लंडमध्ये घर विकताना किंवा भाड्याने देताना ऊर्जा प्रमाणपत्र लागतं, ए ते जी अशी श्रेणी आणि दहा वर्षं मुदत. २०१८ पासून भाड्याच्या नव्या करारांना किमान ई श्रेणी हवी. तिथे श्रेणी वाढवायला दुहेरी काच उपयोगी पडते, कारण तिथली लढाई आतली ऊब बाहेर जाऊ नये यासाठी आहे. काचेच्या दोन्ही बाजूंच्या तापमानात वीस-वीस अंशांचा फरक असतो, आणि दुहेरी काच तो फरक झेलते. मुंबईत हा फरक पाच-सात अंशांचा. आपल्याला छळतं ते थेट ऊन. दोन साध्या काचांतूनही ७० टक्क्यांच्या वर ऊन आत येतं. रस्त्याच्या आवाजासाठी दुहेरी काच जरूर घ्या, बिलासाठी तिच्यावर विसंबू नका.

तिसरा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची कुणी चर्चाच करत नाही. उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्रफळ घराच्या कार्पेट एरियाच्या किती टक्के हवं? उष्ण-दमट पट्ट्यात, म्हणजे मुंबई, रत्नागिरी, पणजीला, १६.६६ टक्के, सरळ सहावा हिस्सा. नागपूरसारख्या संमिश्र हवामानात १२.५, सोलापूरसारख्या उष्ण-कोरड्या भागात १०. नियम पूर्ण घराला लावतात, पण समजायला १२० चौरस फुटांची एकच खोली घेऊ. मुंबईत तिला २० चौरस फूट उघडणारी खिडकी हवी. पाच बाय चारची खिडकी म्हणजे बरोबर वीस. पण ती दोन पल्ल्यांची स्लायडिंग असेल तर एका वेळी निम्मीच उघडते. संहिताही तिला ५० टक्केच धरते. तीन पल्ल्यांच्या स्लायडिंगला ६७ टक्के, बिजागरीच्या बाहेर उघडणाऱ्या खिडकीला ९०. जुन्या लाकडी खिडक्या काढून चकचकीत स्लायडिंग बसवली की खिडकीचं माप तेवढंच राहून वारा निम्मा होतो. ग्रिल आतून बसवलेलं असेल आणि सोसायटीची हरकत नसेल, तर बिजागरीची खिडकी मागा. ती जमत नसेल तर तीन पल्ल्यांची.

भिंतींना फ्लॅटमध्ये फारसा हात लावता येत नाही. एवढं ध्यानात ठेवा की अ‍ॅल्युमिनियम फॉर्मवर्कच्या, ज्याला सगळे मायवान म्हणतात त्या, नव्या टॉवरच्या काँक्रीटच्या भिंतींतून जुन्या नऊ इंची विटेच्या भिंतीपेक्षा सुमारे दुप्पट उष्णता येते. अशा फ्लॅटमध्ये पलंगाचं डोकं पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. त्या भिंतीला कपाटांची रांग करून घ्या. फर्निचरवाल्याला आराखडा देताना एवढी अदलाबदल फुकट होते.

आयजीबीसी किंवा ‘गृहा’ यांचं हरित इमारतीचं प्रमाणपत्र असलेल्या इमारतीत राहणाऱ्यांसाठी एक खुलासा. ती मानांकनं पूर्ण प्रकल्पाची असतात. पाणी, कचरा, जमीन, साहित्य या सगळ्याचे गुण एकत्र होऊन गोल्ड, प्लॅटिनम किंवा स्टार मिळतात. त्याचा मान आहेच. पण पाटी गोल्डची असली तरी सोळाव्या मजल्यावरचा पश्चिमेचा फ्लॅट तापायचा तो तापतोच.

बिलावरून स्वतःचं रेटिंग

तज्ज्ञ बोलावण्याआधी एक कागद काढा, वर्षभराची बिलं काढा. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांची बेरीज करा आणि तिला चौरस मीटरमधल्या कार्पेट एरियाने भागा. चौरस फुटांना १०.७६ ने भागलं की चौरस मीटर मिळतात. ६५० चौरस फुटांचं घर म्हणजे साधारण ६०. वर्षाला २४०० युनिट लागत असतील तर आकडा ४०. सरकारी लेबलच्या गणितात वापराची गृहीतकं ठरलेली असतात, म्हणून त्या आकड्याशी याची थेट तुलना करू नका. हा आकडा तुमच्याच घराच्या रिनोव्हेशनआधीच्या आणि नंतरच्या तुलनेसाठी.

त्याहून उपयोगी म्हणजे जुलै-ऑगस्टचं बिल. तेव्हा एसी जवळपास बंद, गीझर बेताचा. पंखे, फ्रिज, दिवे, टीव्ही यांचा तो कायमचा पाया समजा. मे महिन्याच्या युनिटमधून तो वजा केला की उरतो तो मुख्यतः गारव्याचा खर्च. पाया १६० आणि मे २१० असेल, तर तुमचा खर्च पंखे-फ्रिजमध्ये आहे. एसीच्या स्टारचा विचार करत बसू नका. पाया १६० आणि मे ४३० असेल, तर आधी छत आणि पश्चिमेची खिडकी बघा.

आणि टप्प्यांचं विसरू नका. आपल्याकडे घरगुती वीज १०० युनिटपर्यंत एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या आणि पुढे चौथ्या दराने आकारतात; शंभरच्या वर गेलं की दर जवळपास दुप्पट होतो. वाचलेलं युनिट नेहमी सर्वांत महागड्या टप्प्यातून कमी होतं. त्यामुळे बचतीचा हिशेब बिलाच्या सरासरी दराने कराल तर तो कमीच येईल, वरच्या टप्प्याच्या दराने करा.

स्वतःची गच्ची असलेल्या बंगल्यावर सौर पॅनेल घालायचे असतील तर क्रम पाळा. पीएम सूर्य घर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. पण पॅनेलचे पाय एकदा रोवले की गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि उष्णतारोधक थर पुढे कित्येक वर्षं नीट करता येत नाही. आधी गच्ची आणि खिडक्या, मग पंखे, मग नव्या वापरावरून पॅनेलची क्षमता. वापर कमी झालेल्या घराला तीनऐवजी दोन किलोवॅटही पुरतील.

एसी सगळ्यात शेवटी निवडा म्हणण्यामागेही हेच कारण. छत आणि खिडकी सुधारली की पूर्वी दीड टन लागणाऱ्या खोलीला एक टन पुरू शकतो, आणि दीड टन थ्री स्टारच्या पैशांत एक टन फाइव्ह स्टार बसतो. फक्त तांब्याचा पाइप, पाण्याची निचरा नळी आणि तिचा उतार हे प्लास्टरच्या आधी ठरवून भिंतीत घालून घ्या, म्हणजे नंतर फोडाफोड होत नाही. आउटडोअर युनिट ड्राय बाल्कनीत कपड्यांच्या मागे किंवा चहूबाजूंनी बंद डक्टमध्ये बसवू देऊ नका. स्टिकरवरचा आकडा मोकळ्या हवेत श्वास घेणाऱ्या मशिनचा असतो. स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढणाऱ्या फाइव्ह स्टारचे दोन स्टार तिथेच गळतात. युनिटसमोर मोकळी जागा, आणि सर्व्हिसवाल्याला दोरी न बांधता हात पोचेल अशी फळी, हे दोन्ही कॉन्ट्रॅक्टरकडून नकाशावर लिहून घ्या.